काळ्या पडद्यावरचे चोर

उमरखेडच्या एसटी स्टँडसमोर संगीता राठोडचं दुरुस्तीचं दुकान आहे. किराणा दुकानांतले इलेक्ट्रॉनिक वजनकाटे, कॅल्क्युलेटर, भिंतीवरची घड्याळं, जे येईल ते ती खोलते. फुलसावंगीजवळच्या तिच्या तांड्यातून आयटीआयला गेलेली ती पहिलीच मुलगी. गिऱ्हाइकानं "होईल का?" असं विचारलं की तिला राग येतो. "कधी नेऊ, ते विचारा," असं ती सांगते.

मागच्या मे महिन्यात इंदुताई आल्या. अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या, डोळ्यांवर जाड भिंगं. त्यांनी पिशवीतून प्लॅस्टिकचं पिस्तूल काढून काउंटरवर ठेवलं. त्याच्या मागच्या बाजूला काडेपेटीएवढा पडदा होता, तोही जळका, पिवळा.

"लग्नाच्या वर्षी भावानं नागपूरले व्हिडिओ गेम खेळायले नेलतं मले," इंदुताई म्हणाल्या. "मोठी मशीन, तिले वायरनं बांधलेली बंदूक. खिडकीतून चोर डोकावले का नेम धरून उडवाचे. म्या एक बी सोडला नाही! मंग भावानं त्याच खेळाचं हे हातातलं आनून देल्लं. तीस वर्सं झाले, खेळूनच राह्यली. यंदा खिडकीत उन्हात राह्यलं. दोघा जनायनं सांगतलं, फेकून द्या."

"कायले फेकता?" संगीतानं नवे सेल घातले आणि घोडा ओढला. आतून 'ठो' असा आवाज आला. "पाहा, आतलं सारं शाबूत हाय. काचेवरची पट्टी गेली फक्त."

अशा पडद्यावर उजेड गाळणारी एक पातळ पट्टी चिकटवलेली असते. ती गेली की आकडे काय न् चित्रं काय, काहीच दिसत नाही. संगीतानं जळकी पट्टी ब्लेडनं खरवडली, वजनकाट्यांच्या पडद्यांसाठी आणलेल्या तसल्याच कागदातून नवा तुकडा कापला आणि लावला.

"घ्या काकू," म्हणत तिनं बटण दाबलं. पडदा काळाकुट्ट होता आणि चोर पांढरेशुभ्र. बोलण्याच्या नादात पट्टी आडवीची उभी लागली होती; तशी लागली की काळं ते पांढरं आणि पांढरं ते काळं दिसतं. एवढे काटे दुरुस्त केले, पण असं कधी झालं नव्हतं.

"चुकलं माह्याकडून," ती म्हणाली. "उलटं दिसून राह्यलं. पाच मिनिटं द्या, काढून नीट लावतो."

"थांब! हात नोको लावू."

इंदुताईंनी पिस्तूल उचललं, चष्मा कपाळावर सरकवला आणि पडदा डोळ्यांजवळ धरला. ठो. ठो. ठो. समोरच्या रसवंतीवरचे दोघे उठून पाहायला आले. पहिली फेरी संपली, दुसरी संपली.

"पोरी, पह्यले हे चोर काळे अन् मागचा पडदा राखेवानी. दोन वर्सांपासून मले दिसतच नोहते. अंदाजानं मारत होती." त्या हसल्या. "आता एकेकाचं नाक दिसून राह्यलं!"

"मंग असंच ठेवू?"

"काढून तर पाह्य!"

फुलसावंगीची गाडी लागली, सुटलीही. तिनंच घरी जायचं असूनही इंदुताई हलल्या नाहीत. संगीताच्या हातात पिस्तूल देऊन त्यांनी तिला तीन वेळा खेळायला लावलं, आणि तिन्ही वेळा संगीता पहिल्याच फेरीत गारद झाली.

त्यानंतर म्हाताऱ्या दुकानदाराचा काटा आला की संगीता पट्टी लावण्याआधी दोन्ही तऱ्हांनी धरून दाखवते. "काळ्यावर पांढरे आकडे पायजे का पांढऱ्यावर काळे?" भगवानराव किराणावाल्यांनी काळ्यावर पांढरे घेतले. आजूबाजूच्या गावांतून आता तसेच काटे मागायला लोक येतात.