बत्तीस तारखेची कोंबडी

आमच्या केशोरीत एक म्हातारी राहते, तिची नात मयुरी आणि तीन कोंबड्या. म्हातारी म्हणजे मीच. आता काय सांगू तुम्हाला, या म्हातारीनं नातीची नोकरी लागायच्या आधीच जवळजवळ घालवली होती!

मला लिहिता-वाचता येत नाही. पण कोणत्या कोंबडीनं कधी अंडं दिलं, ते सपरीच्या, म्हणजे ओसरीच्या, भिंतीवर कोळशानं मांडलेलं असतं. दिलं तर काडी, नाही तर गोल. एका कोंबडीची एक ओळ.

पाच दिवस लेकीकडे सौंदडला गेले. जाताना मयुरीला बजावलं, "कोंबड्यांचं मांडून ठेवजो."

परत आले तर सपरीत कागद चिकटवलेला. तीन ओळी, ओळीत पाच-पाच काड्या-गोल! म्हटलं, पोरगी गुणाची निघाली.

तिसरी, पांढऱ्या कोंबडीची ओळ पाहिली आणि डोकंच फिरलं. एक काडी, पुढं चार गोल! म्हणजे पांढरी नुसत्या कण्या खाऊन राहिली होती? उचलली आणि शेजारच्या शेवंताबाईला देऊन टाकली. त्या दिवशी खुराड्यात एकही अंडं नव्हतं. मयुरीचा पेन तिथंच होता. तिन्ही ओळींपुढं एकेक गोल काढला.

दुपारी मयुरी लॅपटॉपपुढं बसली आणि रडायलाच लागली.

"काऊन वं माय, काय झालं?"

"नोकरीची परीक्षा आहे, आजी! डेटाबेसमधल्या तारखा एक-शून्यात बदलायची क्वेरी, म्हणजे कॉम्प्युटरले द्याची आज्ञा, संध्याकाळपर्यंत पाठवाची आहे. पडताळ्यासाठी तीन तारखा तशाच एक-शून्यात हातानं लिहून भिंतीवर लावल्या होत्या. एकही जुळून नाही राहिली. पुसूनच टाकते सारं!"

भिंतीवर? मी तिला सपरीत नेलं.

तिनं कागद उपटला. "हे पाय, इथं सोळा तारीख होती. शेवटी एक शून्य वाढलं का आकडा दुप्पट होते, आता बत्तीस झाली! बत्तीस तारीख असते काय कुठं?"

"नसंन बाई. पण शेवटचा गोल माझा आहे."

"तुझा?"

"आज कोंबड्यांनी अंडी नाही दिली ना!"

"आजी, कोंबड्यांचं मांडाचं मी विसरलीच! अन् पांढरी त रोज अंडं देऊन राहिली होती. मीच खाल्ली सारी."

तिनं तिन्ही गोल खोडले. सारं जुळलं. क्वेरी गेली, आणि पंधरा दिवसांनी नोकरीही आली. आमच्या घरातली पहिली नोकरी!

पेढे घेऊन शेवंताबाईकडं गेले आणि हळूच पांढरीचा विषय काढला.

"कायले परत देऊ? रोज अंडं देते. अन् आता तं नोकरीवाले झाले तुम्ही. इकत घ्या!"

आता रोज सकाळी मी माझ्याच कोंबडीचं अंडं विकत आणते. काड्या शेवंताबाईच्या भिंतीवर वाढतात, माझ्या भिंतीवर त्या ओळीत नुसते गोल.