बगळे उडाले तो शुक्रवार

शुक्रवारी कापड विणायच्या लूमला सुट्टी असायची. दादा आणि मी नारपोलीहून सायकली काढून वज्रेश्वरीच्या पुढे, भातखाचरांमधल्या चढउतारांवरून तलावावर जायचो. माझ्या या थोरल्या भावाचं आयुष्य लूमच्या खडखडाटात गेलेलं, त्यामुळे तो साधं बोलला तरी ओरडल्यासारखं वाटायचं.

एकदा काठावर तो काहीतरी सांगायला लागला आणि मी फोटो काढणार तोच सगळे बगळे उडाले. मी खेकसलो, "दादा, इथं काय लूम चालू आहे का? हळू बोल ना!"

परतीच्या वाटेवर तो सायकल दामटत माझ्या बराच पुढे राहिला. पुढच्या शुक्रवारी म्हणाला, "गुडघा दुखतो, तू जा."

आता मी एकटाच जातो. बगळे पार सायकलीपाशी येऊन बसतात. तेव्हा तो काय सांगत होता, हे विचारायची हिंमत मला अजून झालेली नाही.