वरचा एक पौंड

जवळ या बघू. असे लांब खुर्चीच्या टोकावर अवघडून बसू नका, आणि ते चेकबुक आधी पर्समध्ये घाला. पगार झाला की खात्यात पडतो आणि तिथेच लोळत राहतो. त्याच्यावर व्याज किती मिळतं विचारलं तर तुम्ही एकमेकांची तोंडं बघता. शिकलेली माणसं तुम्ही, शोभतं का हे? या अख्ख्या ब्रिटनमध्ये खातं उघडताना अटी शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा एकच माणूस झाला, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, हे मी कुणाच्याही समोर सांगेन. बाकीचे सही करतात. आमचे भावोजी वाचायचे. एकदा नाही, तीनदा. तिसऱ्यांदा ताईला मोठ्याने वाचून दाखवायचे, आणि ती बिचारी भाजी परतता परतता "हं" म्हणायची.

भावोजी पेशाने भूल देणारे डॉक्टर. ते राहायचे ते मिल्टन कीन्स गाव तेव्हा नवंनवं वसत होतं. रस्ते गुळगुळीत, दर दोन मिनिटांनी एक राउंडअबाउट, म्हणजे गाड्यांनी वळसा घालायचा गोल चौक, आणि झाडं अजून काठीला बांधलेली. जगाला झोपवायचं आणि आपले पैसे मात्र जागे ठेवायचे, असा त्यांचा दुहेरी व्यवसाय होता. इथल्या बिल्डिंग सोसायट्या म्हणजे आपल्याकडच्यासारखी पाण्याच्या टाकीवरून भांडणारी सोसायटी नव्हे हो. लोकांची बचत ठेवायची आणि घरांना कर्ज द्यायचं, अशी ती बँकेची धाकटी बहीण. या सोसायट्या तेव्हा गिऱ्हाईक ओढायला एकाहून एक खाती काढायच्या. साधं व्याज बेताचं, पण अटी पाळल्यात तर वर्षाच्या शेवटी बोनस. अटी अशा: सुरुवातीला मोठी रक्कम ठेवा, मग दर महिन्याला ठरलेली रक्कम भरा, नेमकी तेवढीच, आणि वर्षभर एक पेनीसुद्धा काढू नका. एक अट चुकली की बोनस गेला. सगळाच्या सगळा. लोक अशी खाती उघडत आणि मेमध्ये सुट्टी आली की मोडत. भावोजींनी उभ्या जन्मात एक मोडलं नव्हतं.

रविवारी सकाळी जाड वर्तमानपत्र यायचं. भावोजी पहिलं पान बघायचेच नाहीत. सरकार पडलं तरी ते त्यांना सोमवारी हॉस्पिटलात कळायचं. आत कुठेतरी व्याजदरांचा मुंगीएवढ्या अक्षरांचा तक्ता असायचा, त्यावर भिंग धरून ते तासभर वाकायचे. पासबुकं रव्याच्या डब्यात. "चोर रव्यात हात घालत नाही," म्हणायचे. त्यामुळे आमच्या ताईकडच्या उपम्याला वर्षानुवर्षं छापील कागदाचा किंचित वास होता. पैसे भरायचे तेही स्वतः जाऊन, रांगेत उभं राहून. बँकेतून आपोआप पैसे वळते करायची सोय होती, पण ती त्यांना मुलाला वसतिगृहात टाकल्यासारखी वाटायची. ऑपरेशन टेबलावरच्या पेशंटला उलटे आकडे मोजायला लावायच्या आधी हळूच विचारत, "सेव्हिंग्ज कुठे ठेवलीत?" एक म्हातारी भुलेतून शुद्धीवर आली आणि पहिला प्रश्न केला, "डॉक्टर, पैसे काढायला नोटीस साठ दिवसांची की नव्वद?" ही गोष्ट खुद्द त्यांनीच सांगितलेली, तेव्हा निम्मी खरी धरा.

एका जूनमध्ये ताईचा फ्रिज बंद पडला. बोनस एप्रिलचा, म्हणजे पैसे काढायला दहा महिने. भावोजी म्हणाले, "इंग्लंडमध्ये फ्रिज लागतो कशाला? दार उघडलं की फ्रिज." आणि त्याच वर्षी, नशीब बघा, इथे कधी नव्हे तो उन्हाळा पडला. दूध बादलीत, बादली जिन्याखाली, आणि भावोजी दर दोन तासांनी थर्मामीटर घेऊन बादलीपाशी. शेवटी शेजारणीनेच तिचा जुना फ्रिज आणून दिला. तर भावोजी म्हणतात कसे, "बघ, धीर धरला की सगळं येतं."

मला खरंच कुतूहल वाटायचं. कंजूष म्हणावं तर तसे नव्हते. वॉर्डातल्या एखाद्या पोर्टरला अडचण असली तर हातातल्या रोख पैशांतून निमूट द्यायचे. शौक म्हणावा, तर कशाचा? बोनस आला की तो पुढच्या खात्यात. त्याचा बोनस त्याच्या पुढच्या. एकदा मी लंडनच्या टोकाच्या माझ्या स्टॅनमोरहून त्यांच्याकडे गेले होते तेव्हा विचारलंच, "अहो भावोजी, या सगळ्याचं शेवटी करायचं काय?"

त्यांनी आधी भिंग पुसलं. मग म्हणाले, "मेहुणीबाई, कन्सल्टंटच्या, सगळ्यांत वरच्या जागेसाठी मी चार वेळा इंटरव्ह्यू दिला. जे जे मागितलं होतं ते सगळं होतं माझ्याकडे. डिग्र्या, वर्षं, शिफारशी. चारही वेळा म्हणाले, थँक यू फॉर कमिंग. या खात्यांत कसं, अट लिहिलेली असते. पाळली की मिळतं. तोंड बघून देत नाहीत."

त्यानंतर मी त्यांची थट्टा केली नाही असं नाही, पण जरा जपून केली.

तर ताई. मिल्टन कीन्समध्ये ज्याला गाडी येत नाही तो माणूस कैदी. तांबड्या डांबराच्या पायवाटा आहेत सायकलीच्या, त्यांवरून ताई वाण्याकडे, पोस्टात, सगळीकडे चालायची. मुलं कॉलेजात गेली आणि घर तिला खायला उठलं. माझ्याकडे यायचं म्हटलं तरी भावोजींना सवड हवी. गाडी शिकायची म्हणून तिने दहा वर्षं धोशा लावला होता आणि दहा वर्षं भावोजी म्हणत होते, "या बोनसनंतर." शेवटी एका गुढीपाडव्याला नवीन खातं उघडलं आणि त्यांनी देवासमोर उभं राहून सांगितलं, "याचा बोनस तुझा. पूर्ण शिकवण्या, परीक्षेच्या फीसकट." ताईने हॉलमधल्या कॅलेंडरवर पुढच्या एप्रिलची तारीख लिहून ठेवली. ते कॅलेंडर डिसेंबरला संपत होतं, तर मागे जादा कागद चिकटवून लिहिली. दर महिन्याला नेमके पन्नास पौंड भरायचे होते. सहा महिने भरले.

सातव्या महिन्यात भावोजींना केंब्रिजला आठवडाभराच्या कोर्सला जावं लागलं. ताईला सोबत म्हणून मी गेले. जाताना भावोजींनी पाकिटात पन्नास पौंड घातले, पासबुक वर ठेवलं, आणि ताईकडून शाळेतल्या मुलीसारखं वदवून घेतलं: कुठे जायचं, कोणत्या खिडकीत, कधीपर्यंत.

आम्ही गेलो तो दिवस नेमका दसऱ्याचा. निघताना ताईने पासबुकाला हळदकुंकू लावलं. आणि मग दारात थबकली. "अगं, आज दसरा. नुसते पन्नास कसे ठेवायचे? शून्यावर शेवट होतो." मला तर लगेच पटलं. आपण कुणाला पन्नास देतो का कधी? एक्कावन्न देतो. लग्नात, बारशात, देवापुढे, वरचा एक हा असतोच. तो नसला तर देणं बंद झाल्यासारखं वाटतं. मीच पर्स उघडली आणि एक पौंडाचं नाणं काढून दिलं. माझ्या या हाताने.

खिडकीतल्या मुलीने विचारलं, "फिफ्टी-वन, लव्ह?" ताई आनंदाने म्हणाली, "येस, फिफ्टी-वन. फेस्टिव्हल." त्या मुलीने छान हसून मशीनमध्ये पासबुक घातलं. आम्ही येताना जिलेबी करायला मैदा आणला.

शनिवारी भावोजी आले. बूट काढायच्या आधी रव्याचा डबा काढला. पासबुक उघडलं, आणि मी शपथेवर सांगते, भूल देणाऱ्या त्या माणसालाच कुणीतरी भूल दिली असं वाटलं. मग खुर्चीवर बसले आणि फक्त एवढं म्हणाले, "एक्कावन्न?"

ताईला काही कळेना. "जास्तच भरलेत की हो! कमी थोडेच?"

"नेमकी तेवढीच," भावोजी म्हणाले. "नेमकी."

ताईच्या तेव्हा लक्षात आलं. ती हॉलमध्ये गेली, कॅलेंडरमागचा तो चिकटवलेला कागद सोडवला आणि घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवला. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

सोमवारी भावोजींनी रजा घेतली आणि इंटरव्ह्यूचा सूट घातला. गुन्ह्यातली भागीदार म्हणून मीही गेले. मॅनेजर कोवळा पोरगा, गाल गुलाबी. भावोजींनी त्याला दसरा समजावला, वरचा एक समजावला. तो मन लावून ऐकत होता. "व्हेरी नाइस कस्टम, डॉक्टर," म्हणाला. "पण अट नेमक्या पन्नासची आहे."

"मग तो एक पौंड मला परत द्या."

"तो विड्रॉवल धरला जाईल. विड्रॉवल झालं की बोनस जातो."

"आणि परत घेतला नाही तर?"

"तर रक्कम चुकली म्हणून जातो."

मी मध्येच तोंड घातलं, "इट वॉज माय पाउंड! पुट माय नेम!" त्या पोराने मला पाणी दिलं. भावोजींनी अटींचा कागद मागितला, बोट ठेवून ते कलम वाचलं, कागदाची घडी घातली, उठून त्याच्याशी हस्तांदोलन केलं आणि बाहेर आले.

गाडीत मी उसळले. "अहो, भांडायचं तरी! एवढे मोठे डॉक्टर तुम्ही!"

"कशासाठी?" ते म्हणाले. "त्यांनी आधीच लिहिलं होतं. माझं तोंड बघून नंतर लिहिलं असतं, तर भांडलो असतो."

घरी ताई ओट्यापाशी उभी होती. आमचे चेहरे बघून तीच म्हणाली, "जाऊ द्या हो. मला काही नको गाडीबिडी. चालते ते काय वाईट आहे?"

"थांब जरा," भावोजी म्हणाले. विजेच्या बिलाचं पाकीट उलटं केलं आणि आकडे मांडायला लागले. मला वाटलं, आता नुकसान किती ते काढणार आणि जन्मभर ऐकवणार. दहा मिनिटं पेन चाललं होतं. मग त्यांनी मान वर केली, आणि तो चेहरा मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

"अगं, बोनस गेलाच आहे," ते हळूच म्हणाले, जणू कुणी ऐकेल. "म्हणजे एप्रिलपर्यंत या खात्यातून कितीही काढलं तरी नुकसान काय? शून्य! उलट बोनससाठी थांबायचं कारणच उरलं नाही. सहा महिने का वाया घालवायचे? हिशोबाने बघितलं तर तू उद्याच शिकायला सुरुवात केली पाहिजेस."

"हिशोबाने?" ताईने विचारलं.

"निव्वळ हिशोबाने," भावोजी म्हणाले, आणि फोनच्या पुस्तकात ड्रायव्हिंग स्कूलचा नंबर शोधायला लागले.

ते सहा महिने म्हणजे त्या माणसाची शाळेची सुट्टी होती हो. शनिवारी सोसायटीत जाऊन दहा पौंड काढायचे, नुसती चव बघायला. ताईला रेनकोट आणला. भर फेब्रुवारीत आम्हा सगळ्यांना समुद्रावर नेलं आणि वाऱ्यात दात वाजवत आइस्क्रीम खायला लावलं. पाडवा आला तसे पुन्हा भिंग घेऊन तक्त्यावर वाकले. पण त्या वर्षीचं खातं मी पाहिलं, तर व्याज इतरांपेक्षा अर्धा टक्का कमी. मी चकित! "भावोजी, तब्येत बरी आहे ना?" त्यांनी कागदावर बोट ठेवलं. अट होती: महिन्याला निदान पन्नास. वरची मर्यादा नाही. "दसऱ्याला तुझी ताई ऐकणार आहे का?" म्हणाले. "मी तरी कुठे कुठे लक्ष ठेवू?"

ताई परीक्षेत दोनदा नापास झाली, दोन्ही वेळा राउंडअबाउटवर, कारण ती सगळ्यांना "आधी तुम्ही, आधी तुम्ही" करत थांबायची. तिसऱ्यांदा पास झाली आणि एका गुरुवारी एकटी मोटरवेवरून माझ्या दारात येऊन उभी राहिली. उतरेना म्हणून मी बाहेर धावले, तर स्टिअरिंग घट्ट धरून बसलेली. म्हणाली, "आधी चहा इथेच आण. हात सुटत नाहीयेत."

आता पुष्कळ बदललं. सोसायट्यांच्या बँका झाल्या, खिडक्या कमी झाल्या, पासबुकाऐवजी प्लास्टिकचं कार्ड आलं. भावोजी निवृत्त झाले आणि हल्ली विसरायला लागलेत. आधी तारखा गेल्या, मग आकडे. परवा तक्ता समोर धरून बसले होते, आणि कागद उलटा होता; ताईने तो सुलट करून दिला. दुपारी ती त्यांना गाडीत बसवून गावभर फिरवून आणते. ते खिडकीतून बघत राहतात, मध्येच तिला म्हणतात, "छान चालवतेस. कुणी शिकवलं?" आणि ती म्हणते, "तुम्हीच की."

हल्ली आठवड्यातले चार दिवस मी तिथेच असते. तर बाळांनो, त्यांना भेटायला नाताळात येऊ, उन्हाळ्यात येऊ, असं लांबवू नका. अजून ते माणसं ओळखतात. या रविवारी सकाळच्या गाडीने या, आणि फोन तेवढा करा, म्हणजे ताई स्टेशनवर गाडी घेऊन येईल.