शुक्रवारच्या तेरा फेऱ्या

जानेवारी १९७३, शुक्रवार, दुपार. हजर: रतन, लाल घोडा, वय सोळा, आणि मी, शाळेच्या तबेल्याचा व्यवस्थापक. गैरहजर: घोडे शिकवणारे इमामभाई, जुम्म्याच्या नमाजाला गेलेले.

ही हजेरी मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतो — सरळ जमेलसं वाटत नाही, पण सांगतो.

आमची निवासी शाळा नगरच्या बाहेर, माळावर. घोडे चार. त्या दुष्काळात कडबा मिळेना, तेव्हा हेडमास्तरांनी सांगून टाकलं: स्नेहसंमेलनात पाहुण्यांसमोर रतन नीट कँटर करून दाखवेल तर राहील, नाहीतर जाईल. कँटर म्हणजे दुडकीच्या पुढची, तीन ठोक्यांची, आवरलेली धाव. रतन धावायला लागला की सगळा भार पुढच्या पायांवर टाकायचा आणि लगामावर रेलायचा.

इमामभाई पूर्वी फौजेत सवार होते. ते त्याला रोज चढावर चालवत, मग दुडकी, मग कँटरची चार पावलं — आणि लगेच थांबवत. मागचे पाय पोटाखाली आले, वजन मागं गेलं, की मान आपोआप सावरते, असं त्यांचं म्हणणं. मला पटत नव्हतं का? पटत होतं. पण माझ्या भिंतीवरच्या वेळापत्रकात 'कँटर, दहा फेऱ्या' या ओळीची तारीख उलटून गेली होती. तसं म्हटलं की ते हसायचे. म्हाताऱ्याला सूर्यनमस्कार शिकवताना कोणी घाई करतं का, म्हणायचे. तुमचा कागद घोड्याला वाचून दाखवा, ऐकतोय का बघा.

मला ते हसणं लागलं होतं. तेवढंच कारण होतं का? — नाही, मला ती ओळ खोडायची होती.

त्या दुपारी मी पट्ट्यांनी रतनची मान छातीकडे ओढून बांधली. लांब दोरावर त्याला माझ्याभोवती गोल पळवायला लागलो; हातात चाबूक, टणक माळ. मान कशी सुंदर दिसत होती! भार मात्र तसाच, पुढच्या पायांवर. दहा फेऱ्या झाल्या. मी मोजल्या होत्या. मग अकरावी कशाला? तेराव्या फेरीला तो पुढच्या डाव्या पायानं लंगडला.

इमामभाई आले तोवर पाय सुजला होता. तबेल्यात ठाणावर घसरला असेल, मी म्हणालो. टँकर दोन दिवसांआड यायचा. तरी स्वतःच्या प्यायच्या घागरीतलं पाणी घेऊन ते संध्याकाळपर्यंत त्याच्या पायावरच्या पट्ट्या भिजवत बसले.

तबेल्याची रोजची नोंद मी ठेवायचो, आणि शनिवारी आठवड्याच्या पानावर इमामभाई सही करायचे. त्यांना उर्दू वाचता यायचं, मराठी नाही. शुक्रवारच्या रकान्यात मी लिहिलं: रतन, कँटर, तेरा फेऱ्या, इमामभाई.

रकाना मोकळा ठेवता आला नसता का? शनिवारी पान त्यांच्यापुढं ठेवलं. वाचून दाखवू का, असंही विचारलं — नाही म्हणणार हे माहीत असून विचारलं.

"तुमी लिवलंय नव्हं? मग वाचायचं काय त्यात," म्हणाले, आणि सही केली.

सोमवारी जनावरांचे डॉक्टर आले. शीर दुखावली आहे, ही घसरण नाही, कडक जमिनीवर जबरदस्तीनं पळवलंय, म्हणाले. हेडमास्तरांनी पान काढून वाचलं. इमामभाई म्हणाले, मी तर नमाजाला गेलो होतो. हेडमास्तरांनी सहीवर बोट ठेवलं. तेव्हा इमामभाई माझ्याकडे वळले. किती वेळ पाहत होते? मी माझ्या पेनाचं टोपण लावत होतो — लावलेलंच टोपण पुन्हा लावत होतो.

"व्हय साहेब," ते म्हणाले, "सही आमचीच हाय."

एवढंच. त्याच आठवड्यात त्यांना काढलं. रतन पांजरपोळात गेला.

मी राहिलो. कुठं जाणार? एकोणीस वर्षं त्याच टेबलाशी, त्याच नोंदी. मी लिहिलेलं कोणी तपासत नाही. पक्का माणूस, म्हणतात. रोज सकाळी तेच टेबल, तीच पानं, आणि दर पानावर माझा शब्द खरा धरणारं कोणीतरी.

इमामभाई भिंगारला राहतात, वय पंचाहत्तरच्या पुढं. सायकलीनं वीस मिनिटं. त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत मी दोनदा जाऊन आलो आहे. ते पान फाडून जवळ ठेवलं आहे. त्यांच्यासमोर बसून ते मोठ्यानं वाचायचं राहिलं आहे.