भाऊजींची मोटार आणि ताईची जागा

भाऊजी गेले हे सांगायला त्यांचा मुलगा, माझा भाचा सुधाकर अमरावतीहून स्वतः अकोल्याला आला. फोनवर सांगितलं असतं तरी चाललं असतं, पण मावशी घरी एकटी असते म्हणून आला बिचारा. मी दारातच त्याला म्हटलं, "अरे, परवा तर मले म्हणत होते, साळीबाई, यंदाची संत्री मीच घेऊन येतो!" आणि रडायचं सोडून मला रागच आला. असा गुपचूप निघून जाणारा माणूस नव्हता तो. कुठं जायचं तर सगळ्या गावाला सांगून, खाकरून, दोनदा परत येऊन मग निघायचे. आता महिना उलटला, राग ओसरला. त्यांची आठवण आली की हसूच येतं, आणि ते हसू एकटीनं हसत बसले तर शेजारी काय म्हणतील, म्हणून लिहायला बसले.

आमचं माहेर अकोल्याचं, मळ्यात भाजी-फुलं काढून बाजारात विकणारं. माझी थोरली बहीण गोदाताई चांदूर बाजारकडे दिलेली, संत्र्यांच्या बागेच्या घरात. मध्यप्रांत-वऱ्हाडाचे दिवस ते, वर इंग्रज, नागपूरचं सरकार. खेड्यात मोटार आली म्हणजे कुणी साहेब दौऱ्यावर आला, असं समजून पाटील पागोटं शोधायचा. अशा गावात आमच्या नारायणराव भाऊजींनी अमरावतीच्या एका वकिलाची जुनी, कापडी टपाची मोटार आणून अंगणात उभी केली. हौस म्हणजे काय ते या माणसाकडे पाहावं! आणि त्या हौसेचा कळस एकच : गोदी शेजारच्या सीटवर बसली पाहिजे. मागे नाही, शेजारी. त्या काळी बायको नवऱ्याच्या चार पावलं मागून चालायची, आणि हे म्हणे शेजारी!

ताई बसलीही, लाजत, पदर दातांत धरून. पण पूर्णेच्या उतारावर ब्रेकनं दगा दिला. मोटार सरळ पाण्यात. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, फक्त मागच्या टोपल्यांतली संत्री नदीभर पसरली. ताई नवं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजवून काठावर आली, मागे वळून पाहिलं नाही, आणि पायी घरी गेली. संध्याकाळी भाऊजींच्या पुढ्यात ताट ठेवून एवढंच म्हणाली, "जीव गेला तरी त्या डबड्यात बसणार नाही."

आणि नाहीच बसली. भाऊजींनी किती विनवण्या केल्या! गंमत बघा, रागावले नाहीत कधी. पण मोटार काढताना शेजारच्या रिकाम्या सीटवर उपरणं घडी करून ठेवायचे आणि तोंड एवढंसं करून निघायचे. मी त्यांना चिडवायची, "भाऊजी, उपरण्याले तरी धरून बसा म्हणा." ते हसायचे, पण त्यांना लागायचं ते. मला दिसायचं.

मग माझं लग्न ठरलं. केळवणाला ताईनं मला बोलावून घेतलं आणि तिथून आम्ही सगळ्यांनी अकोल्याला जायचं असं ठरलं. ताई म्हणाली, मी बैलबंडीनं बडनेऱ्याला जाईन, पुढं रेल्वे. झालं! जावई सासरच्या दारात एकटा मोटारीतून उतरणार आणि बायको मागाहून स्टेशनवरून येणार. भाऊजी रात्रभर तळमळले म्हणे. सकाळी अंगणात येऊन त्यांनी जाहीर केलं, "आज ब्रेक नवे. मंग पाहू कोन बसत नाही ते!"

त्या मोटारीला ब्रेक फक्त मागच्या चाकांना. चाकाच्या आत लोखंडी डबा, त्याला ते ड्रम म्हणायचे, आणि डब्यात चंद्रकोरीसारखे दोन ब्रेकशू. पाय दाबला की ते फाकून डब्याला आतून घट्ट धरतात. त्यांच्यावर जे जाड अस्तर असतं ते झिजून गेलेलं. लढाईचे दिवस, नवं सामान कुठून मिळणार? भाऊजींनी अमरावतीच्या एका कापसाच्या जिनातून यंत्राचा टाकून दिलेला जाड विणीचा पट्टा आणला. सरकी काढून झाली, आता हा मोटार थांबवंल, म्हणाले.

पुढच्या चाकांना दगड लावले, बाभळीच्या वाशानं मागची बाजू उचलून खाली ओंडका सारला. ड्रम निघता निघेना. त्याला चहूबाजूंनी लाकडी मोगरीनं ठोकत, गोंजारत, शिव्या देत काढलं आणि आतली काळी धूळ भाऊजींच्या तोंडभर उडाली. दात तेवढे पांढरे! मी पोट धरून हसले. "हासू नको वं, इकडं ध्यान दे," ते म्हणाले. "एक चाक खोलाचं, दुसरं तसंच ठेवाचं. कोनती स्प्रिंग कुठं होती ते विसरलो त त्याच्यात पाहाचं." एवढं शहाणपण सांगितलं आणि दुसऱ्या क्षणी स्प्रिंग पकडीतून सुटली ती थेट बाजेवर वाळत घातलेल्या कुरडयांत. ताई आली, दोन बोटांनी स्प्रिंग उचलली, त्यांच्यापुढे टाकली, निघून गेली. पण तिथून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ती सारखी पाहत होती, हे मी पाहिलं होतं.

पट्टा मापानं कापला, तांब्याच्या रिबिटा ठोकून शूंवर बसवला, रिबिटांची डोकी आत दडपली, कडा कानसल्या. ड्रमला एक खाच होती, तिच्यातून पेचकस घालून ब्रेक जवळ-लांब करता यायचे. चाक हातानं फिरवून जरा घासतं की नाही ते पाहून भाऊजींनी दुसरं चाक घेतलं. उन्हं उतरायच्या सुमारास मोटार अंगणातून निघाली, भाऊजींनी ब्रेक दाबला… आणि मोटार जागच्या जागी थांबली. पण किंचाळली अशी की बैलांनी दावी तोडली, गावची कुत्री गोळा झाली आणि शेजारची म्हातारी कोण मेलं म्हणून विचारायला आली. थांबली ना, मग झालं, म्हणून भाऊजी खूश.

सकाळी भाऊजी ऐटीत फेरी मारायला निघाले. वेशीपर्यंत गेले, वळून आले, अंगणात शिरता शिरता ब्रेक दाबला. आवाज नाही. आणि थांबणंही नाही! मोटार आमच्या डोळ्यांदेखत अंगण ओलांडून कडब्याच्या गंजीत घुसली. गंजी अर्धी खाली आली. आतून भाऊजींचा आवाज, "मी आहे! मी आहे!"

त्यांना ओढून काढलं, चाक खोललं, तर आत जवसाच्या तेलाचा वास. नवा पट्टा तेलानं निथळत होता. "कोनं घातलं हे?" भाऊजींनी सगळ्यांत आधी माझ्याकडे पाहिलं. मेहुणीवरच संशय, दुसरं काय! मी देवाची शपथ घेतली. तेवढ्यात मागून ताई म्हणाली, "म्या घातलं. त्या खाचीतून."

"तू? काहून?"

"करकर करत होतं. बंडी करकरली त वंगण घालतो नं आपन? आता हे डबडं येगळं असते हे मले कोनं सांगितलं?"

"अवं, पन तुले काय करायचं होतं त्याच्या करकरीशी?"

ताईची मान खाली गेली. "येवढ्या बोंबा मारत अकोल्याले गेलो असतो त माह्या माहेरचा सारा बजार पाहाले आला असता. मले त्याच्यात बसून जाचं होतं."

भाऊजींच्या मिशांत कडबा, कपाळाला टेंगूळ. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि मग जे हसायला लागले! हसता हसता डोळ्यांतून पाणी, ते काळ्या हातांनी पुसलं, तोंड आणखी काळं झालं. "आयकलं काय वं साळीबाई? बसणार होती! थे बसणार होती!" गंजी मोडली, दिवसभराची मेहनत पाण्यात गेली, आणि हा माणूस अंगणात नाचत होता. इतका आनंद झालेला माणूस मी पुन्हा पाहिला नाही, माझ्या लग्नात माझा नवरासुद्धा तेवढा खूश नव्हता.

ड्रम राखेनं घासले, उरलेल्या पट्ट्यातून नवं अस्तर कापलं. या खेपेला ताई पदर खोचून शेजारी बसली. तिनं शू दाबून धरायचा, भाऊजींनी रिबीट ठोकायची. कुणी आलं-गेलं तरी उठली नाही.

निघायच्या दिवशी मी मागे, ताई पुढे, शेजारी. भाऊजींनी मोटार चार पावलं नेली आणि कच्चकन थांबवली. बोंब मारलीच तिनं! मग ताईकडे वळून त्यांनी विचारलं, "थांबली काय?"

"थांबली."

"मंग जाऊ?"

"जा."

पुढं मोटारी बदलल्या, राज्यं बदलली, भाऊजींचे केस पिकले. पण ताई शेजारी असली की चार पावलांवर थांबायचं आणि तिच्या तोंडून "जा" ऐकायचं, हे त्यांनी एकदाही चुकवलं नाही. पोरं चिडायची, मागचे भोंगे वाजवायचे. वाजवोत!

दिवसकार्य उरकल्यावर परवा ताईला सुधाकरनं माझ्याकडे आणलं होतं. परत निघाली तेव्हा त्यानं तिच्यासाठी मागचं दार उघडलं. ती म्हणाली, "मांगं काहून बसू? माही जागा समोर हाये." बसली. गाडी निघाली आणि फाटकापाशीच थांबली. मला वाटलं काहीतरी विसरलं, मी धावत गेले. काच खाली करून ताई म्हणाली, "काही इसरलं नाही वं. थांबते का नाही, थे पाह्यलं."

मग तिनं गाडीचं चक्र धरून बसलेल्या पोराकडे पाहिलं, पदर सारखा केला आणि म्हणाली, "थांबली रे बाप्पा. जा आता."