दोरी ओढण्याचे बारा दिवस

मशीन घरी आलं त्या दिवशीच मी म्हटलं, घ्या, एक दुखणाईत होता, आता दोन झाले. कोणी हसलं नाही. मीही काही हसवायला म्हटलं नव्हतं.

ह्यांना मागच्या उन्हाळ्यात लकवा मारला. उजवी बाजू पार गेली होती. मग जीभ आली, पाय आला, हात मात्र अर्ध्यावरच थांबला. कपबशी धरवते, बादली धरवत नाही. बरणीचं झाकण तर सोडाच. त्याआधी बावीस वर्षं हे अमरावतीतल्या एका लॉनवर माळीकाम करायचे. आमच्याकडे लॉन म्हणजे लग्नाचं मोकळं कार्यालय, पुढे हिरवळ, मागे स्वयंपाकाचं शेड. तिथली हिरवळ ह्यांनी जमिनीवर बसून, कातरीनं राखली. नवरानवरी फोटोसाठी त्या गवतावर उभे राहिले की हे दुरून बघत राहायचे, आणि कोणी खरकटी पत्रावळ फेकली की पाहुण्यांशी भांडायचे.

दिवाळीनंतर लॉनचे मालक घरी आले. माणूस भला, पण धंद्याचा. म्हणाले, "तुळशीचं लग्न झालं की आपल्याकडे पयलं लग्न हाये. त्याच्या आत गवत एकसारखं करून दाखवा, काम तुमचंच. नाई जमलं तर मले फोन करा, मी दुसरा माणूस पायतो." कातर तर आता चालत नव्हती. पण मशीन ढकलता येईल, त्याला काय, अंगाचा जोर लावायचा, असं ह्यांनी ठरवलं. अकोल्यात एक लॉन बंद पडलं होतं, तिथलं सामान विकायला काढलं होतं. हे मालवाहू ऑटो करून गेले आणि ते गवत कापायचं मशीन घेऊन आले. चार चाकं, वर पेट्रोलची टाकी, बाजूला ओढायची दोरी. रंग उडालेला.

इकडे धाकटे दीर वेगळंच सांगून राहिले होते. बाजारात आमचं फुलांचं दुकान आहे, ते दीर बघतात, हार मी ओवते. त्यांचं म्हणणं, "दादा, तुमी आता दुकानात बसा न. गिऱ्हाइकाले पुडी बांधून द्या. आरामाचं काम हाये." प्रेमानंच म्हणत होते. पण ह्यांना बसायचं नव्हतं. जन्मात कधी रिकामे बसले नव्हते. मला एकदा म्हणाले, "बसलो की संपलो मी, तू पायशील." त्यामुळे त्या मशीनवर काय अवलंबून होतं ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

आता आमच्यात लोखंडाचं काहीही दारात आलं, मग ती सायकल असो की मोटारपंप, त्याला हळदकुंकू लागल्याशिवाय हात लावत नाहीत. मी नारळ फोडला. कुंकू पाण्यात कालवलं तर दोन दिवसांत उडून जातं, म्हणून आमची सासू तेलात कालवायची, तसंच मी घट्ट कालवलं. स्वस्तिक काढायला सपाट जागा पाहिजे, तर मशीनवर सपाट म्हणाल तर टाकीचं झाकण तेवढं होतं. तिथं काढलं, वर चार अक्षता चिकटवल्या, हात जोडले.

पहिल्या दिवशी ते सुरू झालं! ह्यांनी उजव्या हातानं दोरीची मूठ धरली, त्यावर डावा हात दाबला आणि अंगच मागे टाकलं. दुसऱ्या झटक्याला फटफटलं. ह्यांचं तोंड असं काही झालं की मी बघतच राहिले. घराच्या बाजूला रिकामा प्लॉट आहे, तिथं चार-पाच मिनिटं चालवलं. मग मशीननं दोन आचके दिले आणि बंद पडलं. पुन्हा ओढलं. पुन्हा ओढलं. नाही म्हणजे नाही.

त्यानंतर आमचं जे सुरू झालं ते देवा, वैऱ्यालाही नको. पहाटे उठून मी शेवंतीचे हार ओवायचे, सात वाजता दीर येऊन माल घेऊन जायचे, की हे अंगणात हजर. "पाना दे वं." "प्लग काढ." "तो नाई, मोठा पाना." हात ह्यांचा चालत नाही म्हणून हात माझा, आणि डोकं ह्यांचं. प्लग काढला, काळा होता, पॉलिश पेपरनं घासला. हवेचा फिल्टर धुतला. ऑइल पाहिलं. पेट्रोल तर आणतानाच टाकीभर घातलेलं होतं. चोक ओढून पाहिला, सोडून पाहिला. मग दोरी. वीस वेळा, तीस वेळा. ह्यांच्या कपाळाच्या शिरा फुगायच्या, आणि मला डॉक्टरचं बोलणं आठवायचं, की जोर करू देऊ नका. माझी कंबर आधीच गेलेली. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

आणि मी काय करायचे? रोज सकाळी ह्यांच्या आधी अंगणात जाऊन झाकणावर ताजं कुंकू लावायचे. देवा, आज होऊ दे. नाही झालं की दुसऱ्या दिवशी अजून थोडं जास्त. दुसरं मला येतच काय होतं.

पाचव्या दिवशी दीर म्हणाले, "सरका, मी पायतो." टाकीचं झाकण उघडलं, आत डोकावून पेट्रोल पाहिलं, झाकण लावलं, दोरी ओढली. एका झटक्यात सुरू! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन-चार मिनिटांनी मशीन अडखळायला लागलं तसं त्यांनीच बंद केलं आणि हात झटकत म्हणाले, "काईच तं नाई झालं त्याले. जोर पायजे दादा, बाकी काई नाई." वाईट बोलले नाहीत. पण हे ओट्यावर बसले ते जेवायलाही उठले नाहीत.

आठव्या दिवशी ऑटोत टाकून फवारणीचे पंप दुरुस्त करतो त्याच्याकडे नेलं. त्यानंही झाकण काढलं, पेट्रोल बघितलं, लावलं, ओढलं. सुरू. "मशीनीत काई खराबी नाई, काकाजी. झटका बसला पायजे." चार-पाच मिनिटं चालवून त्यानं बंद केलं, पैसेही घेतले नाहीत. घेतले असते तर बरं वाटलं असतं.

घरी आल्यावर ह्यांनी ओढलं. नाही.

तेव्हापासून ह्यांनी पाना मागणं बंद केलं. डॉक्टरनं दिलेला रबरी चेंडू, जो सहा महिने फळीवर पडून होता, तो दाबत बसायचे. दिवसभर. डाव्या हाताला दोरीनं फोड आले, ते फुटले. मी हळद भरली. आणि दहाव्या दिवशी, खरं सांगते, माझा जीव इतका मेटाकुटीला आला होता की मी बोलून गेले. "नाई न चालत हात! काहून जीव काढून राहिले? भाऊजी म्हन्तात तसं बसा न दुकानात गुमान!"

ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. रागावले असते तर मी भांडले असते. पण नुसतं म्हणाले, "हो. खरं हाये तुयं."

बाराव्या दिवशी सकाळी नऊ वाजता ह्यांनी माझ्यासमोर मालकांना फोन लावला. "मालक, हात चालत नाई माया. तुमी दुसरा पाहून घ्या." तिकडून काहीतरी समजुतीचं बोलणं झालं असेल. हे हो, हो म्हणत राहिले. फोन ठेवला आणि आत जाऊन भिंतीकडं तोंड करून पडले.

मला वाटलं, सुटलो एकदाचे. खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा तेच वाटलं. मग म्हटलं, मशीन आता विकायचंच, तर टाकीतलं पेट्रोल तरी काढून घ्यावं, दिराच्या गाडीत होईल. बाटली, नरसाळं घेऊन गेले. झाकण घट्ट बसलेलं, पदर गुंडाळून जोर लावला, तर निघताना त्यानं फुस्स केलं. टाकीनं बाहेरची हवा चांगली आवाज करून आत ओढली.

मी तिथंच बसले. तो आवाज माझ्या ओळखीचा नव्हता, पण त्यातलं दुखणं ओळखीचं होतं. गोडेतेलाचा पत्र्याचा डबा फोडताना एकच भोक पाडलं तर तेल गुटुक गुटुक करतं आणि थांबतं. हवेसाठी दुसरं भोक पाडावंच लागतं. हे कोणत्याही बाईला विचारा. आता टाकीतून पेट्रोल खाली उतरतं, तर वरून हवा कुठून येते? मी झाकण हातात उलटंपालटं केलं. आतल्या बाजूनं मधोमध एक बारीक छिद्र दिसलं. वरच्या बाजूनं दिसेना. वर माझं स्वस्तिक होतं. बारा दिवसांचं, तेलाचं, कुंकवाचं, अक्षतांचं, भाकरीच्या पापुद्र्याएवढं जाड.

अवं माय वं.

दीर आले, त्यांनी झाकण उघडलं, हवा आत गेली, सुरू झालं. पंपवाल्यानं उघडलं, सुरू झालं. ह्यांना तेवढं झाकण उघडता येत नव्हतं आणि साधं झाकण उघडून दे असं मला म्हणायची ह्यांना लाज वाटत होती. म्हणून ह्यांच्याच हातानं ते कधी होत नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात न, ती मी दिली होती, रोज सकाळी, हात जोडून.

हार ओवायची सुई आणली. कुंकू खरवडलं, छिद्र मोकळं केलं, उजेडाकडं धरून पाहिलं. झाकण लावलं आणि आत गेले.

"उठा. एकदा ओढा."

"काहून त्रास देतं वं? झालं न आता."

"एकदा. माया गळ्याची शपथ."

उठले. माझ्यावर उपकार केल्यासारखे आले. मूठ धरली, डावा हात दाबला. पहिल्या झटक्याला काही नाही. तिसऱ्याला फटफटलं. हे हसले नाहीत. पहिल्या दिवशीही सुरू झालं होतंच. आता बंद पडेल म्हणून दोघंही त्याच्याकडं बघत उभे राहिलो. पाच मिनिटं झाली. आचका आला नाही. दहा झाली असतील. बाजूच्या घरातली बाई बाहेर येऊन बघून गेली. मशीन आपलं चालूच.

"काय केलं तुनं?" ह्यांनी विचारलं.

लपवता आलं असतं. पण मी सांगितलं, झाकण, छिद्र, कुंकू, सगळं. सांगता सांगता रडायलाच लागले. मशीनच्या आवाजात ओरडून सांगावं लागत होतं, त्यामुळे रडणंही ओरडून झालं. म्हटलं, मालकांना पुन्हा फोन लावा, मी बोलते, चूक माझी आहे. लावलाही मीच. मालक म्हणाले, "बाई, अर्ध्या तासाआधीच दुसऱ्याले हो म्हन्लं मी. आता या सालचं तं गेलं." मी फोन ठेवला आणि ह्यांना सांगितलं. शिव्या द्याव्या म्हणून वाट पाहिली. द्यायलाच पाहिजे होत्या.

ह्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. वाकून मशीन बंद केलं. पुन्हा दोरी ओढली. सुरू झालं. बंद केलं. ओढली, सुरू झालं. फोड फुटलेल्या हातानं, गवत वगैरे काही न कापता, एकाच जागी उभं राहून. मी म्हटलं, "अहो पुरे, हात दुखीन."

"म्हन्जे हात चांगलाच होता," हे म्हणाले.

"हो."

"मी खराब समजून राहिलो होतो त्याले," म्हणाले, आणि पुन्हा बंद केलं, पुन्हा ओढायला.