सातवं घर

आमच्या सासूबाईंचं नाव गोजरबाई; मी त्यांना आत्या म्हणायचे. नाव ठेवणाऱ्यानं काय बघून ठेवलं देव जाणे, कारण बाई गोजिरी अजिबात नव्हती. मिरजगावात हमरस्त्याच्या कडेला आमची फुटाण्याची भट्टी होती. कढईतल्या तापल्या वाळूत हरभरे तडतडायचे आणि भट्टीपुढं बसून आत्या त्यांच्या वरताण तडतडायच्या. गिऱ्हाईक, कावळे, एस.टी.चे ड्रायव्हर, सून, कुणाची म्हणून सुटका नव्हती. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, ही बाई माझ्यावरच चिडलीय. मग कळलं, ती सगळ्यांशी अशीच बोलते. तेव्हा जरा जिवात जीव आला, आणि हळूहळू मीपण बोलायला शिकले.

भट्टीच्या बाजूनं एक बोळ जायचा. बोळाच्या पलीकडं आत्यांची धाकटी जाऊ, मुक्ताबाई, माझ्या मुक्ताकाकी. दोघे भाऊ वेगळे झाले तेव्हा जमीन, बैल, भांडी सगळं नीट वाटलं गेलं, पण भट्टीची कढई एकच. ती कापून वाटायची कशी? ती आमच्याकडं राहिली. काकींनी शेळ्या पाळल्या आणि आत्यांशी अबोला धरला. अबोला म्हणजे तोंड बंद, असं मात्र समजू नका. काकी सकाळी शेळीला सांगायच्या, "खा गं बाई पाला. आपल्याला काय, कढया लोकास्नी लाभल्यात." इकडून आत्या जाळाला म्हणायच्या, "जळ मेल्या, जळ. तुजं कामच हाय जळायचं." कोण कुणाला बोलतंय ते सगळ्या आळीला कळायचं. कळत नसेल तर शेळीला आणि जाळाला.

ही गोष्ट बाहत्तरच्या दुष्काळाच्या आधीच्या साली घडली. मागच्या खोलीत हरभऱ्याची पोती असायची, म्हणून उंदीर, आणि उंदीर म्हणून एक करडी मांजरी. आम्ही पाळली नव्हती, ती आपल्या हक्कानं राहत होती. एका सकाळी तिनं दुधाच्या पातेल्यात तोंड घातलं. आत्यांनी हातातली केरसुणी फेकली. मांजरी जी पळाली ती थेट रस्त्यावर, आणि नगरकडून ट्रक येत होता.

आत्या दारात उभ्याच राहिल्या. केरसुणी उचलायचंही त्यांना सुचेना. तेवढ्यात पलीकडून काकींचा आवाज आला, "ऐकलंस का गं शेळे? मांजर मारली की सोन्याची मांजर घडवून काशीला द्यावी लागती म्हनं."

एरवी आत्यांनी जाळाला असं काही सुनावलं असतं की काकींची शेळीसुद्धा दावं तोडून पळाली असती. त्या दिवशी त्या काही बोलल्या नाहीत. मला अगदी कसंतरी झालं. शिव्या देणारी बाई गप्प बसली की घर ओकंबोकं वाटतं.

दुपारी पोत्यांच्या मागून चिरका आवाज आला. बघतो तर एक पिल्लू. एकुलतं एक. डोळे मिटलेले, अंगावर धड केस नाहीत, उंदरापेक्षा जरासं थोरलं, पण आवाज आत्यांच्या तोडीचा.

आत्यांनी ते तळहातावर घेतलं. "सोन्याचं मांजर काय मला घडवता येत न्हाई," त्या म्हणाल्या. "ह्ये हाडामासाचं हाय. ह्ये जगलं तर फिटलं. ह्ये गेलं तर मी कुनाला तोंड दाखवायची न्हाई. बघत काय बसलीस कला? कापूस आन!"

कापसाची वात वळायची, दुधात बुडवायची आणि पिल्लाच्या तोंडात धरायची. ते चोखायचं, आणि वात चोखून संपली की बोंबलायचं. ऊब हवी म्हणून आत्यांनी भट्टीतली वाळू निववून फडक्यात बांधली, गालाला लावून पाहिली आणि टोपलीत ठेवली. त्या पुरचुंडीला आई समजून पिल्लू चिकटून झोपायचं. दूध पाजलं की ओल्या कोमट चिंधीनं त्याचं पोट आणि शेपटीखालचं पुसायचं, मांजरी चाटते तसं, म्हणजे ते मोकळं व्हायचं. गिऱ्हाईक ओरडायचं, "बाई, फुटाणे!" आत्या म्हणायच्या, "थांब रं, लेकरू मुतायलंय."

पण म्हशीचं दूध त्याला सोसेना. पोट टम्म फुगलं, आवाज बसला. आत्यांचा घास तोंडातच फिरायला लागला. शेळीचं दूध हलकं असतं हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं, आणि शेळ्या कुणाच्या दारात आहेत हेही. आत्यांनी तिकडं बघितलंसुद्धा नाही. शेवटी मीच पेला पदराखाली घेऊन बोळ ओलांडला.

काकींनी पेला भरला. "तिला सांगशील तर याद राख," त्या म्हणाल्या. "म्हनावं, खालच्या आळीतनं आनलं." मग हळूच विचारलं, "जगतंय का गं?"

मी घरी येऊन सांगितलं, खालच्या आळीतनं आणलं. आत्यांनी पेला नाकाजवळ नेला, माझ्याकडं बघितलं आणि वात बुडवली. त्या दिवसापासून पेला रोज भरून यायला लागला आणि पिल्लाचा आवाज परत आला.

आता राहिले डोळे. मांजरी पिल्लांना सात घरं फिरवते आणि सात घरं झाली की त्यांचे डोळे उघडतात, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण फिरवणारी आई तर गेली. आत्या म्हणाल्या, "मग काय झालं? मला काय पाय न्हाईत?"

आणि भर सकाळी ही बाई पदरात मांजर घेऊन गावात निघाली. मी मागोमाग. छबूबाईच्या घरी गेलो, तर तिला वाटलं आत्या भांडायला आल्या. तिनं आधी दारच लावून घेतलं. तलाठ्याच्या बायकोनं चहा केला आणि हसता हसता सांडला. सोनाराच्या घरी कुणीतरी विचारलं, "सोन्याचं घडवायला आलात व्हय?" त्या घरातून आत्या चहा न घेताच उठल्या. असं करत दुपारपर्यंत सहा घरं झाली.

"सातवं?" मी विचारलं.

"सातवं आपलंच," आत्या म्हणाल्या आणि घरात शिरल्या.

"आपलं कसं धरायचं? ते तर इथंच जन्मलंय."

"तू लई शहानी हायस."

पुढं एका सकाळी आत्यांची किंकाळी ऐकून मी धावले. पिल्लानं डोळा उघडला होता. निळाशार, मण्यासारखा. पण एकच! दुसरा घट्ट मिटलेला. दुसऱ्या दिवशीही तसाच, वर सुजलेला. आत्यांचा चेहरा उतरला.

"म्या लबाडी केली," त्या म्हणाल्या. "मोजन्यात लबाडी केली, म्हनून देवानं अर्धंच दिलं. माज्या रागापायी लेकरू काणं व्हायचं." आणि डोळ्याला पदर लावला. एवढी जहांबाज बाई, बोटभर मांजरापायी रडत होती. माझ्याच्यानं बघवेना.

"चला मग," मी म्हटलं. "बोळ काय लांब आहे?"

बोळ चार पावलांचा, पण आत्या दोनदा मागं फिरल्या. एकदा पदर नीट करायला आणि एकदा उगीचच. काकी अंगणात धार काढत होत्या. आत्या उंबऱ्याशी उभ्या राहिल्या आणि शेळीकडं बघून म्हणाल्या, "शेळे, तुज्या मालकिनीला सांग, सातवं घर ऱ्हायलंय."

काकींनी चरवी खाली ठेवली. मला वाटलं, आता सोन्याचं मांजर निघतंय. पण काकी उठून आल्या आणि पिल्लू हातात घेतलं.

"अवो बाई," त्या म्हणाल्या. शेळीला नाही, सरळ आत्यांना. "डोळा चिकटलाय ह्याचा. करडांचा चिकटतो तसा."

त्यांनी कोमट पाण्यात कापूस भिजवला आणि हळूहळू, फुंकर घालत, डोळा पुसला. पिवळी घाण निघाली, पापणी जराशी फाकली आणि आत दुसरा निळा मणी दिसला. पिल्लू दोन्ही डोळ्यांनी काकींकडं बघून बोंबललं.

"बघ! सातवं घर व्हतं म्हनून उघडला," आत्या म्हणाल्या.

"कापसानं उघडला."

"घर कुनाचं हाय? मग! आन दूध बी तुजंच हाय, मला काय वास कळत न्हाई व्हय? तुजी शेळी लिंबाचा पाला खाती."

काकी हसायला लागल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. "म्या त्या दिशी लई वाईट बोलले, बाई. सोन्याचं मांजर काय न् काय."

"बोललीस ते बरं केलंस. न्हाईतर मी मेली एवढी जिद्दीनं कशाला जगवते?" आत्यांनी पिल्लू परत घेतलं. "दुपारी भट्टीवर ये. एकटीच्यानं कढई उतरत न्हाई आताशा."

पिल्लू मादी निघालं. तिचं नाव सातवी. पुढच्या साली ती काकींच्या गोठ्यात व्याली. आता ही पिल्लांना कुठली सात घरं दाखवते म्हणून दोघी जावा भट्टीपुढं लक्ष ठेवून बसल्या. सातवीनं एकेक पिल्लू मानगुटीला धरून आमच्याकडं आणलं. मग परत काकींकडं. मग परत आमच्याकडं. तिसरीकडं कुठं जाईचना. आत्या बोटांवर मोजत होत्या.

"झाली सात!" एके दिवशी त्या म्हणाल्या.

"अवो बाई, दोनच तर घरं फिरली ती," काकी म्हणाल्या.

"दोन कुठली गं? एकच हाय. मधी बोळ हाय, एवढंच."

"मग सात कशी झाली?" मी विचारलं.

"तू गप वाळू हलव!" दोघी एकदम म्हणाल्या.